बदल कळवायचा की उत्तरच द्यायचं?

मोठ्या एक्सेल फाइलवर काम करणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. हजारो ओळींची सूत्रं भरलेली शीट असली, की एक आकडा बदलला तरी संगणक अडकून बसतो. मग जाणकार मंडळी गणना ‘ऑटोमॅटिक’वरून ‘मॅन्युअल’वर नेतात, सगळे आकडे भरून घेतात आणि शेवटी एफ९ दाबतात. तोवर खालच्या पट्टीत एक शब्द दिसत राहतो: ‘कॅल्क्युलेट’. आत काहीतरी बदललंय, वर दिसणारी उत्तरं आता शिळी आहेत, हे एक्सेल त्या एका शब्दात सांगत असतं. नवं उत्तर मात्र त्यानं अजून काढलेलं नसतं.

‘बदल झाला’ आणि ‘नवं उत्तर हे’ या दोन वेगळ्या बातम्या आहेत. त्या एकत्र द्यायच्या की वेगवेगळ्या, या निवडीवर ॲप सुरळीत चालणं किंवा अडखळणं बरंचसं अवलंबून असतं.

एका चौकटीतलं मूल्य दुसऱ्याला सूत्रानं बांधायची कल्पना घराघरांत पोचवली ती 1979 मध्ये ॲपल टू संगणकावर आलेल्या व्हिजिकॅल्क या स्प्रेडशीट प्रोग्रॅमनं. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन हे त्याचे कर्ते. आज पडद्यावरची बटणं, खिडक्या, आलेख असेच सूत्रांनी बांधलेले असतात. प्रोग्रॅमर त्याला ‘प्रॉपर्टी बाइंडिंग’ म्हणतात. ‘या चित्राची रुंदी कायम खिडकीच्या निम्मी’ एवढं एकदा लिहून ठेवलं, की पुढची काळजी फ्रेमवर्क, म्हणजे ॲप ज्यावर उभं राहतं तो तयार सांगाडा, घेतं.

ती काळजी कशी घ्यायची, इथे वाटा फुटतात. क्यूटी या फ्रेमवर्कच्या क्यूएमएल भाषेत, जी 2010 मध्ये क्यूटी 4.7 सोबत आली, मूल्य बदलताक्षणी त्यावर अवलंबून असलेलं बाइंडिंग पुन्हा मोजलं जातं. ही तत्काळ गणना. वापरायला अगदी सरळ, म्हणून मला ती मनापासून आवडते. पण तिच्यात एक खाच आहे.

समजा, खिडकी 400 बाय 300 आहे. रुंदी भागिले उंची हे गुणोत्तर आपण बांधून ठेवलंय: सुमारे 1.33. गुणोत्तर 2 च्या वर गेलं, की बाजूला आणखी एक रकाना उघडायचा, असंही लिहिलंय. आता प्रोग्रॅमनं खिडकी दुप्पट केली, 800 बाय 600. गुणोत्तर तेच राहायला हवं. पण प्रोग्रॅम आधी रुंदी बदलतो आणि मग उंची. रुंदी बदलताच गुणोत्तर होतं 2.67, रकाना उघडतो. उंची बदलताच पुन्हा 1.33, रकाना मिटतो. खिडकी 800 बाय 300 कधी व्हावी असं कुणाच्याच मनात नव्हतं, तरी त्या अधल्यामधल्या अवस्थेवर प्रोग्रॅमनं कृती केली. अशा खोट्या क्षणाला या क्षेत्रात ‘ग्लिच’ म्हणतात.

खर्चाचा हिशोबही बघा. एका मूल्यावर दोन सूत्रं अवलंबून आहेत आणि त्या दोघांवर मिळून तिसरं. भोळ्या तत्काळ पद्धतीत मूळ मूल्य एकदा बदललं, की तिसरं सूत्र दोनदा मोजलं जातं. अशा दहा जोड्या एकापुढे एक लावल्या, तर शेवटचं सूत्र 2 चा दहावा घात, म्हणजे 1024 वेळा मोजलं जाईल. त्यातलं फक्त शेवटचं उत्तर खरं.

दुसरी वाट लेझी गणनेची. शब्दशः आळशी, पण मला ते नाव अन्यायाचं वाटतं. 2011 मध्ये जावा भाषेतल्या ॲपचे पडदे रचणारं जावाएफएक्स 2.0 आलं, त्यात ही पद्धत फार स्वच्छ दिसते. मूल्य बदललं, की त्यावर अवलंबून असलेली बाइंडिंग्ज स्वतःवर फक्त ‘शिळं’ असा शिक्का मारतात. गणना होते ती कुणीतरी मूल्य मागितल्यावर, आणि एकदा काढलेलं उत्तर पुढचा बदल होईपर्यंत जपून ठेवलं जातं. आपल्या खिडकीचं गुणोत्तर रुंदी आणि उंची दोन्ही बदलून झाल्यावर विचारलं, तर 2.67 हा आकडा जन्मालाच येत नाही. व्ह्यू (Vue) या वेब फ्रेमवर्कमधल्या ‘कम्प्युटेड’ प्रॉपर्टीजही अशाच, वाचल्यावर मोजल्या जाणाऱ्या.

जावाएफएक्समध्ये बदलाची बातमी ऐकणारे, म्हणजे ‘लिसनर’ही दोन प्रकारचे आहेत. इनव्हॅलिडेशन लिसनरला फक्त ‘शिळं झालं’ एवढंच कळतं. चेंज लिसनरला जुनं आणि नवं, दोन्ही मूल्यं मिळतात. बँकेचा ‘खात्यात व्यवहार झाला’ असा मेसेज आणि शिल्लक रकमेसकट आलेला मेसेज यांत असतो, तसा हा फरक. नवं मूल्य सांगायचं तर ते मोजावंच लागतं. त्यामुळे एखाद्या बाइंडिंगला एक जरी चेंज लिसनर जोडला, तरी ते पुन्हा तत्काळ गणनेवर येतं.

हे मी कागदपत्रांत वाचलं होतं, पण समजलं ते एका चुकीतून. पाण्याच्या टाकीसाठी छोटा प्रोग्रॅम लिहीत होतो. टाकीचा तळ 2 मीटर बाय 1.5 मीटर, म्हणजे पातळी एक सेंटिमीटर उतरली की 30 लिटर कमी. पातळीला लिटर बांधले, लिटरना इनव्हॅलिडेशन लिसनर जोडला आणि प्रत्येक बदलाला ‘पाणी बदललं’ अशी नोंद करायला सांगितलं. पहिली नोंद आली, पुढे काहीच नाही. सेन्सर ठीक होता, पातळीही उतरत होती. शोध घ्यायचा म्हणून लिसनरमध्ये लिटरचा आकडा छापणारी एक ओळ घातली, आणि नोंदी धडाधड येऊ लागल्या. ओळ काढली, की पुन्हा शांतता. दोन संध्याकाळी त्यात गेल्या.

कारण साधं होतं. शिक्का एकदा बसला, की बाइंडिंग शिळंच असतं; जे आधीच शिळं आहे ते पुन्हा शिळं झाल्याची बातमी कशाला द्यायची? मूल्य कुणीतरी वाचलं, तरच शिक्का पुसला जातो आणि पुढच्या बदलाची बातमी निघू शकते. माझी छापायची ओळ नकळत तेच वाचन करत होती.

त्यानंतर मी काम वाटून दिलं. पडद्यावरचं चित्र आणि आकडे साध्या बाइंडिंगवर सोडले. जावाएफएक्स पडदा सेकंदाला जास्तीत जास्त 60 वेळा रंगवतं, त्यामुळे दोन चित्रांच्या मधे पातळी पाच वेळा बदलली तरी पाच वेळा चित्र काढावं लागत नाही. टाकीत 300 लिटरच उरले तर वाजणारी घंटा मात्र चेंज लिसनरवर ठेवली. पडद्याकडे त्या वेळी कुणाचं लक्ष असेलच असं नाही, आणि पंप तर तेव्हाच सुरू करायचा असतो.