शिसवाचा नाद

गिटारच्या पाठीसाठी कापलेली रोजवूडची, म्हणजे शिसवाच्या जातकुळीतल्या लाकडाची फळी साधारण 55 सेंटिमीटर लांब असते आणि जेमतेम 4 मिलिमीटर जाड. वरच्या टोकापासून बारा सेंटिमीटरवर, अगदी कडेला, ती दोन बोटांच्या चिमटीत लोंबती धरा आणि मधोमध बोटाच्या पेराने टकटक करा. लाकूड म्हटल्यावर ‘ठक’ असा आवाज येऊन संपेल असं वाटतं. पण ही फळी चक्क वाजते. स्वच्छ स्वर निघतो आणि हवेत रेंगाळतो. आता चिमूट चार बोटं खाली सरकवा. तोच स्वर घुसमटतो.

फळी थरथरते तेव्हा तिचे काही भाग जोरात हलतात आणि काही जवळजवळ स्थिर राहतात. दोन्ही टोकं मोकळी असलेल्या पट्टीत पहिल्या कंपनाच्या वेळी ही स्थिर जागा टोकापासून लांबीच्या सुमारे 22 टक्क्यांवर येते, म्हणजे आपल्या फळीत बारा सेंटिमीटरवर. तिथे धरलं तर बोटं कंपनाच्या आड येत नाहीत. गिटार घडवणारे लोक फळी निवडताना आधी ही जागा शोधतात आणि मगच कान लावतात.

तो स्वर रेंगाळतो कशामुळे? कंपनाची ऊर्जा लाकडाच्या आतल्या घर्षणात उष्णता होऊन विरते, त्याला अवमंदन म्हणतात. रोजवूडमध्ये ते कमी असतं. झाड वाढताना गाभ्याच्या लाकडात राळेसारखी, तेलकट, रंगीत द्रव्यं साठत जातात. त्यांच्यामुळे लाकडाला किडीपासून संरक्षण मिळतं, गडद रंग येतो आणि ताज्या कापाला गुलाबासारखा वास येतो. रोजवूड हे नाव त्या वासावरून पडलं, फुलाशी या झाडाचं काही नातं नाही. कमी अवमंदनातही या द्रव्यांचा वाटा मानला जातो.

‘डाल्बर्जिया’ या वंशात अडीचशेहून अधिक जाती आहेत. आपला शिसव म्हणजे डाल्बर्जिया लॅटिफोलिया. जगभरचे गिटारवाले त्यालाच इंडियन रोजवूड म्हणतात. त्याची घनता घनमीटरला साधारण 830 किलो. मध्य अमेरिकेतलं कोकोबोलो पाण्यात बुडण्याइतकं जड असतं आणि आफ्रिकन ब्लॅकवूड त्याहूनही जड, म्हणून क्लॅरिनेट आणि ओबो त्याचे करतात. गिटारची वरची पाटी मात्र स्प्रूस या सूचिपर्णी झाडाची असते. स्प्रूस शिसवाच्या निम्म्या वजनाचा आणि तरीही ताठ, म्हणून त्याच्या रेषांच्या दिशेने ध्वनी सेकंदाला सुमारे 5 हजार मीटर वेगाने धावतो. तारांची ऊर्जा हवेला देण्याचं मुख्य काम या पाटीचं आहे. पाठ आणि बाजूंनी ती ऊर्जा शक्य तितकी कमी गिळावी, एवढीच अपेक्षा असते.

या सगळ्या जातींत सर्वांत मान ब्राझिलियन रोजवूडला, म्हणजे डाल्बर्जिया नायग्राला. अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीने 1969 मध्ये आपल्या नेहमीच्या गिटारांसाठी ते सोडून शिसव घेतला, कारण ब्राझीलमधून ओंडके मिळणं अवघड झालं होतं. 1992 मध्ये हे झाड दुर्मीळ प्राणी आणि वनस्पतींच्या व्यापारावरच्या ‘सायटीस’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात गेलं आणि त्याचा व्यापार जवळजवळ थांबला. आज बाजारात येणाऱ्या जुन्या मालात बरंचसं लाकूड तोडलेल्या झाडांच्या खुंटांतून काढलेलं असतं. त्यावर काळ्या रेषांची जाळी अशी देखणी असते की नजर हटत नाही. पण रेषा जितक्या वळणदार, तितकी फळी फुटायची भीती जास्त.

म्हणून फळीच्या तोंडावर भाळण्याआधी तिचं टोक पाहावं. टोकाच्या छेदावर वाढीच्या रेषा फळीच्या पृष्ठाला काटकोनात उभ्या दिसल्या, तर ती क्वार्टर कापाची. हवेतला ओलावा कमी-जास्त झाला की लाकूड फुगतं, आकसतं. हे आकसणं वाढीच्या वलयांना समांतर दिशेने जितकं होतं, त्याच्या साधारण निम्मं गाभ्याकडून सालीकडे होतं. क्वार्टर कापात फळीच्या रुंदीच्या दिशेला हे निम्मं आकसणं येतं. गिटारची पाठ चाळीस सेंटिमीटर रुंद, अडीच मिलिमीटर जाड आणि चारही बाजूंनी चिकटवलेली. तिला हलायला जागाच नसते, मग ती तडकते. लाकूड वर्षानुवर्षं मुरू देणं यासाठीच असतं. तेलकटपणाचा जाच वेगळाच. सरस धरत नाही, म्हणून सांधा जोडण्याच्या जरा आधी तो अॅसिटोनने पुसतात. काहींना या भुशाने अंगावर पुरळही उठतं, तेव्हा मास्क हवाच.

2 जानेवारी 2017 पासून डाल्बर्जियाच्या उरलेल्या सर्व जाती सायटीसच्या दुसऱ्या, म्हणजे परवाना घेऊन व्यापार करण्याच्या परिशिष्टात आल्या आणि गिटार घेऊन सीमा ओलांडणाऱ्या वादकांची पंचाईत झाली. नोव्हेंबर 2019 मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली. ब्राझिलियन जातीला ती सूट नाही. रोजवूडची खरी लूट महागड्या फर्निचरसाठी होते, गिटारला लागणारं लाकूड त्यापुढे मूठभर. तरीही कायदेशीर कागदपत्रं नसलेली फळी घेऊच नये, असं माझं ठाम मत आहे. दुर्मीळ झाडाला मागणी टिकवण्यात आपलीही मूठ असतेच.

आणि इतकं करून कानाला काय मिळतं? इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी 2018 मध्ये याची परीक्षा प्रसिद्ध केली. एकाच आराखड्याच्या सहा गिटारी बनवून घेतल्या, फरक फक्त पाठ आणि बाजूंच्या लाकडाचा. ब्राझिलियन रोजवूड, शिसव, महोगनी, मेपल, सापेली आणि अक्रोड. 52 वादकांनी अंधुक उजेडात, डोळ्यांवर वेल्डिंगचे चष्मे लावून त्या वाजवल्या. आवाजाला दिलेल्या गुणांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. स्पेनच्या आंतोनियो दे तोरेस यांनी 1862 मध्ये पाठ आणि बाजू पुठ्ठ्याच्या केलेली गिटार बनवली होती, वरची पाटी चांगल्या स्प्रूसची ठेवून. ती आजही बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे.

मग चिमटीतल्या फळीचा तो स्वर खोटा का? नाही, तो मोजताही येतो. पण पाठ वादकाच्या पोटाला टेकते, आतून पट्ट्या चिकटतात, वर पॉलिश चढतं, आणि फळ्यांमधला मूळचा फरक या सगळ्यात बराच बुजतो. एकाच जातीच्या दोन फळ्यांतही मोठी तफावत असू शकते. जाळीदार, चिरा पडलेलं ब्राझिलियन आणि सरळ रेषांचा, मुरलेला, क्वार्टर कापाचा शिसव समोर ठेवला, तर मी डोळे मिटून शिसव उचलेन.

त्यानंतरचं काम रंध्याचं. फळीचा ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो. जाडी दहाव्या हिश्श्याने उतरवली की ताठपणा चौथ्या हिश्श्याहून जास्त कमी होतो. म्हणून जाणता कारागीर मापावर विसंबून थांबत नाही. चार हात रंधा मारतो, फळी पुन्हा चिमटीत धरतो, टकटक करतो. प्रत्येक वेळी स्वर थोडा खाली आलेला असतो.