'ती व्यक्ती' काय करते?

मराठीत गुपित राखणं कठीण, कारण आपलं क्रियापद चुगलखोर आहे. इंग्रजीत 'माय पार्टनर सेड' म्हणून सुटता येतं. मराठीत पार्टनर 'म्हणाला' की 'म्हणाली' हे ठरवल्याशिवाय वाक्यच संपत नाही.

समजा, झोप लागत नाही म्हणून तिशीतला एक मुलगा समुपदेशकाकडे गेलाय. चार वर्षांपासून त्याच्या आयुष्यात एक पुरुष आहे आणि सध्या दोघांचं बिनसलंय. हे सांगताना तो 'व्यक्ती' या शब्दाच्या आडोशाला जातो. व्यक्ती मराठीत कायम स्त्रीलिंगी. 'ती व्यक्ती रागावली' हे खोटं नाही, आणि त्यातून खरंही कळत नाही. पण घरातल्या भांडणाबद्दल असं कोण बोलतं? 'त्या व्यक्तीने कुकर लावला नाही'! पुढच्याच मिनिटाला समोरून सहज प्रश्न येतो, "ती काय करते?" आता नुसतं लपवून भागत नाही, खोटं बोलावं लागतं.

या कसरतीत किती शक्ती जाते, हे प्रयोगात दिसलं आहे. मानसशास्त्रज्ञ क्लेटन क्रिचर आणि मेलिसा फर्ग्युसन यांनी 2014 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही जणांना मुलाखतीआधी सूचना दिली होती: तुमचा लैंगिक कल कळेल असं काही बोलू नका. मुलाखतीनंतर आकृत्या मनातल्या मनात फिरवून ओळखण्याच्या चाचणीत ते, अशी सूचना नसलेल्यांपेक्षा मागे पडले. आणखी एका प्रयोगात मुठीत पकडयंत्र दाबून धरायचं होतं, तिथेही त्यांचा दम लवकर संपला. प्रत्येक वाक्य तोंडातून निघण्याआधी तपासायचं, तर मनाची बरीच ताकद त्या राखणदारीतच अडकते.

आणि गुपित फक्त बोलतानाच छळतं असं नाही. मायकल स्लेपियन आणि सहकाऱ्यांना 2017 मध्ये असं आढळलं की समोरच्यापासून गुपित लपवण्याचे प्रसंग त्या मानाने कमी येतात. एकटं असताना मन आपणहून तिकडे वळतं, ते कितीतरी जास्त वेळा. अस्वस्थतेचा संबंधही या वळण्याशीच अधिक दिसला. रात्री दोन वाजता छताकडे बघत पडलेल्या आपल्या मुलाला हे कुणी वेगळं सांगायला नको.

समुपदेशक मात्र त्याला चहा कमी करायला सांगतो, मोबाइल बाजूला ठेवायला सांगतो, झोपेची नोंदवही भरून घेतो. वहीत रविवारची रात्र सगळ्यात वाईट निघते. समुपदेशकाला वाटतं, सोमवारच्या ऑफिसची धास्ती असेल. खरं कारण, रविवारी संध्याकाळी गावाहून आईचा फोन येतो: "एक चांगलं स्थळ आलंय." उपाय चुकीचे नाहीत, ते भलत्याच दुखण्यावर चाललेत.

संशोधक इलान मेयर यांनी 2003 मध्ये सविस्तर मांडलेली 'मायनॉरिटी स्ट्रेस'ची, म्हणजे अल्पसंख्य असण्यातून येणाऱ्या ताणाची, कल्पना इथे उपयोगी पडते. त्रासाचं मूळ लैंगिक कलात नसतं. भेदभाव, नाकारलं जाण्याची सततची धास्ती, लपवाछपवी आणि समाजाची घृणा स्वतःच्याच मनात मुरणं, हे सगळं रोजच्या ताणांवर वरून चढतं. म्हणून थेरपिस्टला सांगणं म्हणजे कबुलीजबाब नाही. त्याच्या कामाची ती माहिती आहे.

तरी भीती वाटते, आणि ती उगाच नाही. मानसोपचाराचा इतिहासच तसा आहे. 1957 मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एव्हलिन हूकर यांनी 30 समलिंगी आणि 30 भिन्नलिंगी पुरुषांच्या मानसचाचण्या नामवंत तज्ज्ञांपुढे ठेवल्या. कोण कुठल्या गटातला हे तज्ज्ञांना ओळखता आलं नाही. तरीही 1972 साली अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या डॅलसच्या अधिवेशनात जॉन फ्रायर या मानसोपचारतज्ज्ञाला 'मी समलिंगी आहे' हे स्वतःच्याच व्यवसायबंधूंना सांगायला मुखवटा घालावा लागला, आवाज बदलणारा माइक वापरावा लागला. याच संघटनेने 1973 मध्ये समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली, जागतिक आरोग्य संघटनेने 1990 मध्ये.

आपल्याकडे 2017 चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो की समाजाच्या नैतिक किंवा सांस्कृतिक मूल्यांशी न जुळणं, हा मनोरुग्ण ठरवण्याचा आधार होऊ शकत नाही. लैंगिक कलावरून उपचारांत भेदभाव करायलाही त्यात मनाई आहे. 2021 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आनंद व्यंकटेश एका समलिंगी जोडप्याच्या प्रकरणाचा निकाल देण्याआधी, आपल्याला हा विषय पुरेसा कळत नाही असं मान्य करून स्वतः मानसशास्त्रज्ञासमोर बसले. त्या निकालानंतर राष्ट्रीय वैद्यक आयोगाने 2022 मध्ये, कल 'बदलून देण्याचे' उपचार हे डॉक्टरांचं व्यावसायिक गैरवर्तन असल्याचं राज्यांच्या वैद्यक परिषदांना कळवलं.

कागदावर हे सगळं असलं, तरी 'लग्न करून टाक, होईल सगळं ठीक' म्हणणारे भेटतात. त्यामुळे पहिल्याच भेटीत सगळं ओतून टाकायची सक्ती नाही. भेट ठरवतानाच फोनवर विचारता येतं, "तुमच्याकडे गे, लेस्बियन लोक येतात का? त्यांच्यासोबत कसं काम करता?" उत्तर देताना समोरचा अडखळला, 'वयच तसं असतं, जाईल निघून' वगैरे सुरू झालं, तर फोन ठेवावा. फी घरचे भरत असतील तर आणखी एक प्रश्न हवाच: "उद्या माझ्या आईने तुम्हाला फोन केला, तर तिला काय सांगाल?" गोपनीयतेला जिवाचा धोका, न्यायालयाचा आदेश असे अपवाद असतात. चांगला थेरपिस्ट ते आधीच मोकळेपणाने सांगतो. मुलाचं वय तीस असताना त्याच्या आईची काळजी हा त्यातला अपवाद नाही.