वजन घटवण्याच्या गोळ्या आणि संतुलित आहार

लठ्ठपणावरचे औषध चालू असताना शरीराला लागणारी प्रथिने, कर्बोदके, स्निग्धांश, तंतू, जीवनसत्त्वे, खनिजे आणि पाणी पुरेसे मिळेल अशा रीतीने केलेली आहाराची आखणी. गोळी सुरू झाली की पथ्य संपले, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात गोळीमुळे अन्न कमी जाते किंवा खाल्लेल्यातला काही भाग अंगीच लागत नाही. त्यामुळे जे थोडे पोटात जाते, त्यातून सगळी गरज भागवावी लागते. दिवसाला 2,200 कॅलरी खाणाऱ्याला एका जेवणात कमी पडलेले दुसऱ्या जेवणात मिळून जाते. 1,200 कॅलरींवर आलेल्या माणसाला तेवढी सवड नसते.

ही औषधे साधारणपणे बॉडी मास इंडेक्स (किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा) 30 किंवा त्याहून जास्त असलेल्या प्रौढांना देतात. मधुमेह किंवा उच्च रक्तदाबासारखा विकार जोडीला असेल, तर ही मर्यादा 27 धरली जाते. आशियाई वंशाच्या लोकांसाठी अनेक ठिकाणी याहून खालचे आकडे वापरतात. औषधाची मान्यताही बहुधा ‘कमी कॅलरींचा आहार आणि शारीरिक हालचाल यांच्या जोडीने’ अशीच असते. हे वाक्य केवळ औपचारिकता नाही. स्वीडनमध्ये 3,305 जणांवर चार वर्षे चाललेल्या आणि 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या झेन्डॉस या चाचणीत ऑर्लिस्टॅट ही चरबी अडवणारी गोळी घेणाऱ्यांचे वजन सरासरी 5.8 किलो घटले. औषध नसलेली दिखाऊ गोळी घेणाऱ्यांचेही 3 किलो घटले, कारण आहार आणि व्यायामाचा सल्ला दोन्ही गटांना सारखाच होता. निम्म्याहून थोडे जास्तच श्रेय, हिशेबाने पाहिले तर, ताटाकडे जाते.

चरबी अडवणारी गोळी

ऑर्लिस्टॅटला अमेरिकेत 1999 मध्ये मान्यता मिळाली आणि 2007 पासून तिची 60 मिलिग्रॅमची कमी मात्रा तिथे चिठ्ठीशिवाय मिळू लागली. आहाराशी इतके थेट नाते असलेले दुसरे औषध या गटात नाही. आतड्यात चरबीचे विघटन करणाऱ्या लायपेज या विकराला ते निष्प्रभ करते. 120 मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीन वेळा घेतल्यास खाल्लेल्या चरबीपैकी सुमारे 30 टक्के न पचताच शौचावाटे बाहेर पडते. भुकेवर तिचा परिणाम नाही. साखर आणि पिष्टमय पदार्थांनाही ती हात लावत नाही. ज्याच्या कॅलरी मुख्यतः गोडातून येतात, त्याच्या फारशी उपयोगाची नाही.

या गोळीबरोबर एकूण कॅलरींपैकी सुमारे 30 टक्के चरबीतून याव्यात आणि ती चरबी तीन जेवणांत वाटलेली असावी, असा दंडक आहे. 1,500 कॅलरींच्या आहारात हे 450 कॅलरी, म्हणजे 50 ग्रॅम चरबी होते. दर जेवणाला सोळा-सतरा ग्रॅम. त्यातले 30 टक्के अडले तर 15 ग्रॅम, म्हणजे दिवसाला 135 कॅलरी वाचतात. गोळीची दिवसभराची कमाई एवढीच. बाकीची तूट जेवणातूनच काढावी लागते.

एखाद्या जेवणात चरबी जास्त झाली की न पचलेले तेल आपली वाट शोधते: तेलकट शौच, अचानक लागणारी घाई, कपड्यांवर डाग. डॉक्टरांसमोर हे सांगायला लोक लाजतात आणि मग दोनपैकी एक वाट धरतात. काही जण मेजवानीच्या दिवशी गोळीला सुट्टी देतात. काही जण चरबी पूर्ण वर्ज्य करतात, आणि हे अधिक घातक. जेवणातल्या चरबीमुळे पित्ताशय आकुंचन पावून रिकामे होते. ती मिळालीच नाही तर पित्त साचून राहते. वजन झपाट्याने, विशेषतः आठवड्याला दीड किलोहून अधिक वेगाने उतरत असेल, तर पित्तखड्यांचा धोका आधीच वाढलेला असतो. शिवाय अडवायला चरबीच नसेल तर गोळीला काम उरत नाही. म्हणूनच जेवण चुकले किंवा त्यात चरबी नसली, तर त्या वेळची गोळीही घ्यायची नसते.

अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे चरबीत विरघळतात, त्यामुळे चरबीबरोबर तीही वाहून जातात. यासाठी मल्टिव्हिटॅमिनची गोळी ऑर्लिस्टॅटच्या आधी किंवा नंतर किमान दोन तासांचे अंतर ठेवून घेतात. झोपताना घेणे सोयीचे. रक्त पातळ ठेवणारे वॉरफरिन घेणाऱ्यांमध्ये के जीवनसत्त्वातला हा बदल रक्त गोठण्याच्या तपासणीत उमटू शकतो. थायरॉइडसाठीच्या लेव्होथायरॉक्सिनमध्ये आणि या गोळीत चार तासांचे अंतर लागते.

भूक मंदावणारी औषधे

इथे अडचण उलट्या बाजूची आहे: अन्नावरची वासनाच जाते. फेंटरमिन 1959 पासून वापरात आहे. ते उत्तेजक असल्याने सकाळी घेतात, आणि चहा-कॉफीची त्यात भर पडली की धडधड व निद्रानाश बळावतो. फेंटरमिनच्या जोडीला टोपिरामेट हे दुसरे औषध असेल तर मूतखड्यांचा धोका वाढतो, म्हणून पाणी भरपूर लागते. नाल्ट्रेक्सोन आणि ब्युप्रोपिऑन यांची जोडगोळी तेलकट जेवणाबरोबर घेतल्यास औषधाचे रक्तातले प्रमाण वाढते आणि आकडी (फिट) येण्याची शक्यताही वाढते. कागदावर ‘जेवणाबरोबर’ एवढेच वाचून थांबणाऱ्याच्या नजरेतून हा तपशील नेमका सुटतो.

सेमाग्लुटाइड आतड्यातल्या जीएलपी-1 या संप्रेरकाची नक्कल करते. जठर रिकामे होण्याचा वेग मंदावतो आणि मेंदूला लवकर पोट भरल्याचा संदेश जातो. ते मुख्यतः इंजेक्शनने देतात. तोंडाने घेण्याची गोळी 2019 मध्ये अमेरिकेत मधुमेहासाठी आणि 2025 च्या अखेरीस वजनासाठी मान्य झाली. पोटातून तिचा जेमतेम 1 टक्का भाग रक्तात पोहोचतो, त्यामुळे ती घ्यायची रीत काटेकोर आहे: सकाळी रिकाम्या पोटी, 120 मिलिलिटरहून जास्त नाही एवढ्या साध्या पाण्याबरोबर, आणि त्यानंतर किमान अर्धा तास काही खायचे-प्यायचे नाही. कॉफीबरोबर घेतलेली गोळी वाया गेल्यात जमा आहे.

मळमळ, बद्धकोष्ठता आणि जेवणानंतर तासन्‌तास राहणारे जडपण हे या औषधाचे नेहमीचे त्रास. थोडे-थोडे, सावकाश आणि कमी तेलकट खाणे, पोट भरल्याची जाणीव होताच थांबणे, याने बराच फरक पडतो. तंतू हळूहळू वाढवायचे आणि त्याबरोबर पाणीही. पाणी न वाढवता नुसता कोंडा वाढवला तर पोट आणखी तटते. काहींची तहानही मंदावते, त्यामुळे पाणी आठवणीने प्यावे लागते. इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया या गटातली साखर उतरवणारी औषधे चालू असलेल्या मधुमेहींनी जेवण टाळले तर रक्तातली साखर एकदम खाली जाऊ शकते.

स्नायूंची झीज

वजनकाट्याला चरबी आणि स्नायू यांतला फरक कळत नाही. कोणत्याही मार्गाने वजन घटवले तरी उतरलेल्या किलोंमध्ये साधारण पाव हिस्सा चरबीविरहित ऊतींचा असतो, आणि प्रथिने कमी पडली, हालचाल नसली किंवा वेग फार असला तर तो वाढतो. उतारवयात हे विशेष महाग पडते, कारण तिथे स्नायू आधीच ओसरू लागलेले असतात. म्हणून वजन घटत असताना प्रथिनांचे प्रमाण कमी न करता वाढवतात. नेहमीच्या शिफारशीत दर किलो वजनामागे 0.8 ग्रॅम प्रथिने असतात. या काळात अनेक आहारतज्ज्ञ 1.2 ते 1.5 ग्रॅम सुचवतात. खूप लठ्ठ व्यक्तीत हा हिशेब सध्याच्या वजनावर न करता इष्ट वजनाच्या आसपास करतात. मूत्रपिंडाचा आजार असल्यास हा आकडा डॉक्टरांनीच ठरवायचा.

भूक नसताना एवढी प्रथिने पोटात जाणे कठीण असते. त्यामुळे ताटातला क्रम बदलतात: आधी डाळ, अंडी, मासे, चिकन, दही किंवा सोयाबीन, मग भाजी, आणि जागा उरली तर धान्य. जोडीला आठवड्यातून दोन-तीनदा वजने उचलण्यासारखा ताकदीचा व्यायाम हवा, नाहीतर प्रथिने मिळूनही स्नायू पुरेसे टिकत नाहीत.

लोह, कॅल्शियम, बी-12 आणि ड जीवनसत्त्वाची कमतरता हळूहळू उघड होते. बी-1 चे तसे नाही. त्याचा शरीरातला साठा दोन-तीन आठवड्यांचाच असतो, त्यामुळे उलट्या थांबत नसतील आणि अन्न टिकत नसेल, तर मेंदूवर परिणाम होण्याआधी डॉक्टरांकडे जावे लागते.

आहाराने न सावरणाऱ्या गोळ्या

काही गोळ्या मुळातच घातक ठरल्या. 1930 च्या दशकात वजनासाठी खपलेल्या डायनायट्रोफेनॉलने अंगातली उष्णता जीवघेणी वाढे आणि मोतीबिंदू होई. हृदयाच्या झडपांना इजा होते असे दिसल्यावर 1997 मध्ये फेनफ्लुरामिन मागे घेतले गेले. हृदयविकार आणि पक्षाघाताच्या धोक्यामुळे 2010 मध्ये सिब्युट्रामिन बंद झाले. तरीही ‘शंभर टक्के नैसर्गिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कॅप्सूलमध्ये ते लपवलेले पुन्हापुन्हा सापडले आहे. ताट कितीही नेटके असले तरी अशा कॅप्सूलचा धोका कमी होत नाही.

औषध थांबवल्यानंतर

सेमाग्लुटाइडच्या स्टेप-1 चाचणीत 68 आठवड्यांत सरासरी 14.9 टक्के वजन घटले. औषध आणि आहाराचा सल्ला दोन्ही थांबल्यावर, पुढे नोंद ठेवलेल्यांचे घटलेल्या वजनापैकी सुमारे दोन-तृतीयांश एका वर्षात परत आले. भूक परतते, पण लहान झालेल्या शरीराची कॅलरींची गरज पूर्वीपेक्षा कमी असते. आणि परतणाऱ्या वजनात चरबीचा वाटा मोठा असू शकतो. त्यामुळे औषध बंद करण्याच्या काही आठवडे आधीपासून प्रथिने, तंतू आणि जेवणाच्या वेळा पक्क्या करून ठेवतात, आणि बंद केल्यानंतर दर आठवड्याला ठरल्या दिवशी वजन पाहतात.