शाळेतली फाला आणि दवाखान्यातलं चिपोंडे

आफ्रिकेतल्या मलावी देशातल्या पोषण कार्यक्रमाला मदत करणारे एक प्रश्न हमखास विचारतात. शेंगदाण्याच्या पाकिटांनी मरणाच्या दारातली मुलं उठून बसतात, मग शाळेतल्या मुलांनाही तीच का देत नाही? प्रश्न कळकळीचा असतो. पण फाला, म्हणजे शाळेत मिळणारी लापशी, हे जेवण आहे आणि चिपोंडे, म्हणजे ती शेंगदाण्याची पाकिटं, हे तीव्र कुपोषित मुलाला वजनावर मात्रा ठरवून द्यायचं औषध. दोन्ही ‘पोषक आहार’ या एकाच नावाखाली येतात, तिथेच गोंधळ होतो.

फाला म्हणजे मका आणि सोयाच्या पिठाची लापशी. ‘लिकुनी फाला’ हे तिचं तिथलं रुळलेलं नाव. शाळेसाठी पीठ कारखान्यातून भाजून, जीवनसत्त्वं आणि खनिजं मिसळून येतं. भाजणं महत्त्वाचं, कारण कच्च्या सोयातले काही घटक प्रथिनं पचू देत नाहीत. घरच्या गिरणीवर कच्चं सोया दळून लापशी केली की चव कडवट लागते आणि मुलांची पोटं बिघडतात.

माणशी माप 100 ग्रॅम पीठ, म्हणजे साधारण 380 किलोकॅलरी. 300 मुलांना 30 किलो पीठ आणि 180 लिटरच्या आसपास पाणी लागतं. पीठ आधी गार पाण्यात कालवायचं, मग उकळत्या पाण्यात ओतायचं आणि तळ खरवडत दहा मिनिटं शिजवायचं. पीठ थेट उकळत्या पाण्यात टाकलं तर गुठळ्या होतात आणि त्या आतून कच्च्या राहतात. पण सगळ्यात मोठं नुकसान पाण्याने होतं. पोतं संपत आलं की पीठ कमी पडतं, स्वयंपाक करणाऱ्या आया पाणी वाढवतात, पिंप तेवढंच भरलेलं दिसतं. मूल वाडगाभर पिऊन वर्गात बसतं आणि तासाभरात पुन्हा भुकेलं होतं. म्हणून पीठ वजनकाट्यावर मोजायचं, नजरेने नाही, आणि वाटपाला एकच ठरलेला डाव ठेवायचा. 25 किलोचं एक पोतं बरोबर 250 मुलांचं. हजेरी आणि रिकामी पोती यांचा मेळ बसला नाही, तर त्याच दिवशी चौकशी करायची.

चिपोंडे म्हणजे शेंगदाण्याचा लगदा, दूध पावडर, साखर, तेल आणि जीवनसत्त्वं-खनिजं. 92 ग्रॅमच्या पाकिटात 500 किलोकॅलरी असतात. मूळ पाकीट फ्रान्समध्ये 1996 च्या सुमारास तयार झालं. मलावीत आता ते स्थानिक कारखान्यांतही बनतं. त्यात पाणी जवळजवळ नसतंच, त्यामुळे जंतू वाढत नाहीत आणि घरी, चुलीशिवाय, उपचार करता येतो. सोबत प्यायला स्वच्छ पाणी मात्र हवंच.

औषध का म्हणायचं, ते पोटाच्या हिशेबातून कळतं. सहा किलोच्या तीव्र कुपोषित बाळाला बरं व्हायला दिवसाला सुमारे 1200 किलोकॅलरी लागतात, म्हणजे अडीच पाकिटं. तेवढ्याच कॅलरी फालेतून द्यायच्या तर दोन लिटर लापशी पाजावी लागेल. त्याच्या पोटात एका वेळी मावते जेमतेम 200 मिलीलिटर. दिवसातून दहा वेळा कोणती आई, शेतावर जाऊन, हे करू शकेल?

चिपोंडे सुरू करण्याआधी भुकेची चाचणी होते: समोर पाकीट फोडून द्यायचं आणि मूल खातं का बघायचं. खात नसेल, ताप किंवा दुसरी गुंतागुंत असेल, तर थेट रुग्णालय. घरी पाठवलं तर दर आठवड्याला वजन आणि त्यानुसार पुढची पाकिटं. एका मुलाच्या सहा-आठ आठवड्यांच्या उपचाराला 150 पाकिटांचं एक खोकं जवळपास पुरतं. घरात भावंडं वाटून खातात, आणि वजन न वाढण्याचं ते नेहमीचं कारण. आईला रागावून उपयोग नाही. उरलेल्या लेकरांच्या जेवणाची सोय बघायची.

आता शाळेत पाकिटं वाटली तर? 300 मुलांचं एका दिवसाचं वाटप म्हणजे दोन खोकी, म्हणजे दोन बाळांचे उपचार. उलटी चूकही तितकीच वाईट: दवाखान्यातली पाकिटं संपली म्हणून तीव्र कुपोषित बाळाच्या हाती शाळेचं पीठ देणं. त्यात दूध नसतं, आणि दोन वर्षांखालच्या मुलांसाठी दूध घातलेलं वेगळं पीठ असतं.

दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी भेटतात ती शाळेच्या रांगेत. सात-आठ वर्षांची मुलगी वाडगा घेऊन उभी असते आणि तिच्या पाठीला धाकटं भावंड बांधलेलं असतं. त्या बाळाचा दंडघेर, म्हणजे दंडाचा घेर, तिथेच रंगीत पट्टीने मोजावा. पट्टी आपल्या अंगणवाडीतल्यासारखीच, सहा महिने ते पाच वर्षांसाठी. 11.5 सेंटिमीटरच्या आत, म्हणजे लाल, तीव्र कुपोषणाची खूण. मग दोन्ही पावलांवर अंगठा तीन सेकंद दाबून बघावं. दोन्हीकडे खळगा राहिला, म्हणजे कुपोषणाची सूज असली, तर पट्टी हिरवी असली तरी बाळाला त्याच दिवशी दवाखान्यात पाठवावं.