एकच आवृत्ती, दोन झिप: बदललेल्या फाइलींचं पॅकेज आणि पूर्ण पॅकेज

वेबसाइटच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली की डाउनलोडच्या पानावर पुष्कळदा दोन झिप फाइली शेजारी शेजारी दिसतात. एक इवलीशी, दुसरी तिच्या कितीतरी पट मोठी, आणि दोन्हींवर आकडा तोच. बहुतेकांचा हात लहान फाइलीकडे जातो. अपडेटच तर करायचंय, सगळं कशाला उतरवायचं? काही जण मोठी घेतात, पूर्ण आहे म्हणजे चांगलीच असणार या हिशेबाने. दोघांचंही कधी निभावतं, कधी साइट आडवी होते.

आकार बघून निवडू नका. बघायचं ते हे, की तुमच्या सर्व्हरवर आत्ता काय आहे याबद्दल त्या पॅकेजने काय गृहीत धरलंय.

लहान पॅकेजात मागच्या आवृत्तीनंतर बदललेल्या आणि नव्याने आलेल्या फाइलीच असतात. बाकीच्या तुमच्याकडे आहेतच, आणि जशाच्या तशा आहेत, असं ते धरून चालतं. पूर्ण पॅकेज सॉफ्टवेअरच्या फाइलींबाबत असला भरवसा ठेवत नाही, सगळ्याच फाइली सोबत आणतं. तुमचे लेख, चित्रं, डेटाबेस मात्र त्यातही नसतात. वर्डप्रेस या साइट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या झिपमध्ये डेटाबेसच्या पासवर्डची कॉन्फिग (सेटिंगची) फाइल नसते, तिचा फक्त नमुना असतो. तो तुमच्या फाइलीला धक्का लावत नाही.

लहान पॅकेजाचा खरा घोटाळा पायरी गाळल्यावर होतो. समजा, साइट 3.2.2 वर आहे आणि तुम्ही ‘3.2.4 वरून 3.2.5’ असं लिहिलेली झिप उतरवून वर टाकली. 3.2.3 आणि 3.2.4 मध्ये बदललेल्या, पण 3.2.5 मध्ये हात न लागलेल्या फाइली जुन्याच राहिल्या. आवृत्तीचा आकडा ज्या फाइलीत असतो ती मात्र प्रत्येक वेळी बदलते, म्हणून ती आली. आता डॅशबोर्ड, म्हणजे साइट सांभाळण्याचं पान, 3.2.5 दाखवतो, नव्या अपडेटची सूचना नाहीशी होते आणि 3.2.3 मध्ये बुजवलेलं सुरक्षेचं भोक तुमच्याकडे उघडंच राहतं. साइट बंद पडली असती तर निदान कळलं तरी असतं! म्हणून अशा झिपच्या नावातला ‘कुठून’ हा भाग ‘कुठे’ इतकाच नीट वाचायचा. पीएचपीबीबी या चर्चामंच चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने बदललेल्या फाइलींच्या पॅकेजात आधीच्या प्रत्येक आवृत्तीसाठी वेगळा गठ्ठा ठेवण्याची पद्धत पाडली, ती याचसाठी: 3.2.2 वाल्याने त्याचा गठ्ठा उचलायचा, 3.2.4 वाल्याने त्याचा.

याच जातीतला तिसरा प्रकार म्हणजे पॅच फाइल. लॅरी वॉल यांनी 1985 मध्ये ‘पॅच’ हा प्रोग्रॅम लोकांसमोर आणला; त्याला दोन आवृत्त्यांमधला ओळीओळीचा फरक द्यायचा, तो त्या ओळी शोधून बदलतो. बदललेल्या फाइलींची झिप आणि पॅच यांत गल्लत होते, पण दोघांचा स्वभाव वेगळा. तुम्ही मूळ फाइलीत स्वतः काही खरडलं असेल, तर झिप ते निमूटपणे पुसून टाकते. पॅच आधी ओळी जुळवून बघतो. जुळल्या तर तुमचा बदल राखून नवा घालतो, नाही जुळल्या तर अडतो आणि न बसलेला तुकडा ‘रिजेक्ट’ म्हणून वेगळ्या फाइलीत काढून ठेवतो. पीएचपीबीबीच्या जुन्या काळात मॉड, म्हणजे जादा सोय, बसवायचं म्हणजे मूळ फाइलींत हाताने ओळी घुसवणं, त्यामुळे तिथे पॅचला मोठा मान होता. 2014 मध्ये 3.1 आवृत्तीबरोबर मूळ फाइलींना हात न लावता बसणारी एक्स्टेंशन आली आणि ती खटपट बरीच संपली.

वर्डप्रेसने ही निवड माणसाच्या हातातून जवळजवळ काढूनच घेतली आहे. ‘आता अपडेट करा’ हे बटण दाबल्यावर मागे एकाच आवृत्तीची अनेक पॅकेजं उपलब्ध असतात: पूर्ण, थीम-प्लगइनचा फोल्डर वगळलेलं, आणि बदललेल्या फाइलींपुरतं. शेवटचं घेण्याआधी अपडेटर दोन गोष्टी तपासतो. साइट नेमकी त्याच मागच्या आवृत्तीवर आहे का, आणि सर्व्हरवरच्या मूळ फाइलींचे चेकसम (फाइलीच्या मजकुरावरून काढलेली खूण; मजकूर बदलला की तीही बदलते) अधिकृत यादीशी जुळतात का. एखादी फाइल बदललेली निघाली की लहान पॅकेज बाजूला ठेवून तो मोठं मागवतो. हाताने अपडेट करणाऱ्यांनीही नेमकं हेच करायला हवं. आपण ते करत नाही, हा भाग वेगळा.

नावांवर मात्र जाऊ नका. जूमला हे वर्डप्रेससारखंच सॉफ्टवेअर. त्याच्या तिसऱ्या पिढीत तीन पॅकेजं असत: फुल, अपडेट आणि पॅच. यातलं ‘अपडेट’ नावावरून लहान वाटतं, पण त्यात मूळ सॉफ्टवेअरच्या जवळजवळ सगळ्या फाइली असतात. नसतो तो मुख्यतः इन्स्टॉलेशनचा फोल्डर. खरं लहान ते ‘पॅच’. आणि फुल पॅकेज हे नवी साइट उभारण्यासाठी. ते चालू साइटवर ओतलं की इन्स्टॉलेशनचा फोल्डरही जाऊन बसतो, आणि जूमलाला तो दिसला की येणारा प्रत्येक वाचक थेट ‘साइटचं नाव भरा’ या पानावर पोचतो. फोल्डर काढला की साइट परत दिसते, पण तेवढ्या वेळात घाम फुटायचा तो फुटतोच.

आता पूर्ण पॅकेजाबद्दलची भीती. ‘पूर्ण टाकलं तर माझं सगळं पुसलं जाईल’ असं अनेकांना वाटतं. सर्व्हरवर झिप उघडली की असलेल्या फाइलींवर नव्या बसतात, नसलेल्या तयार होतात. मूळ फाइलींत तुम्ही स्वतः खरडलेलं सोडलं, तर पुसलं काहीच जात नाही. खरी अडचण नेमकी इथेच आहे. नव्या आवृत्तीतून काढून टाकलेल्या फाइली तुमच्याकडे तशाच पडून राहतात. लहान पॅकेजाचंही तेच: जी फाइल नाही, ती झिपमध्ये घालणार कशी? अशी बेवारस फाइल कुणी हाक मारेपर्यंत गप्प असते, पण तिच्यात जुनं भोक असेल तर तिचा पत्ता माहीत असणारा बाहेरून थेट तिलाच हाक मारू शकतो. वर्डप्रेस आणि जूमला यांचे स्वतःचे अपडेटर म्हणूनच काढायच्या फाइलींची लांबलचक यादी जवळ बाळगतात. हाताने काम करणाऱ्यांना वर्डप्रेसची सूचना अशी, की ॲडमिन आणि इन्क्लूड्स हे दोन फोल्डर आधी काढा, मग नवे चढवा, पण कंटेंटच्या फोल्डरला हात लावू नका. (मॅकवर काम करत असाल तर जपून. तिथे ‘रिप्लेस’ म्हटलं की फोल्डर एकात एक मिसळत नाहीत, जुना अख्खा जातो.) विकी चालवणारं सॉफ्टवेअर बनवणारे मीडियाविकीवाले तर नवी आवृत्ती वेगळ्याच फोल्डरात उघडा आणि आपली सेटिंगची फाइल, चित्रं, एक्स्टेंशन तिकडे न्या असं सुचवतात. मला ही रीत सगळ्यांत आवडते, कारण जुनी साइट शेजारी शाबूत राहते.

एफटीपीने, म्हणजे सर्व्हरवर फाइली पाठवण्याच्या जुन्या रीतीने, काही हजार फाइली एकेक करून चढवणं टाळा. मध्येच जोडणी तुटली तर साइट अर्धी जुनी, अर्धी नवी होते. झिपच चढवा आणि सर्व्हरवर उघडा.

डेटाबेसचं काम मात्र कोणतंही पॅकेज घेतलं तरी उरतं. फाइली पोचल्या म्हणजे कोठार तयार झालं, आतले कप्पे अजून जुन्याच मापाचे असू शकतात. वर्डप्रेस लॉगिन करताना डेटाबेस अपडेट करायला सांगतं; द्रुपल (हेही साइट चालवणारं सॉफ्टवेअर) आणि मीडियाविकीत अपडेटची स्क्रिप्ट चालवावी लागते.

मग मी काय घेतो? साइट लागोपाठच्या आवृत्तीवर आहे, मूळ फाइलींना कुणी हात लावलेला नाही, बॅकअप ताजा आहे, तर लहान. दोन-तीन आवृत्त्या मागे असेन, साइट दुसऱ्याकडून हाती आली असेल किंवा मधलं अपडेट अर्धवट राहिल्याची नुसती शंका असेल, तरी पूर्ण.

घाई असताना लहानाला पर्याय नाही, हेही खरं. 15 ऑक्टोबर 2014 रोजी द्रुपल 7 मधली डेटाबेसची एक भयंकर त्रुटी जाहीर झाली. उपाय होता 7.32 ही आवृत्ती, आणि पूर्ण अपग्रेड लगेच शक्य नसलेल्यांसाठी एका फाइलीतली एक ओळ बदलणारा पॅच. काही तासांतच हल्ले सुरू झाले. पुढे द्रुपलच्या सुरक्षा गटाने सांगितलं, की जाहीर झाल्यापासून सात तासांत दुरुस्ती केली नसेल तर साइट फुटली असंच धरून चाला. त्याच सूचनेत आणखी एक गोष्ट होती. तुम्ही काहीच केलं नाही आणि तरी तुमच्या साइटवर पॅच लागलेला दिसतोय, तर ते आत शिरलेल्यांचं काम असू शकतं. मागाहून येणाऱ्या दुसऱ्या कुणाला वाट मिळू नये, म्हणून काही हल्लेखोर स्वतःच ती ओळ दुरुस्त करून जात होते. अशा साइटवर पॅच काय आणि 7.32 चं पूर्ण पॅकेज काय, दोन्ही भोक बुजवतात, पण चोराने आत लपवलेल्या फाइली आणि डेटाबेसमधल्या नोंदी तशाच राहतात. तेव्हा दिलेला सल्ला असा होता: 15 ऑक्टोबरच्या आधीचा बॅकअप काढा, तो बसवा, आणि साइट लोकांसाठी उघडण्याआधी त्यावर अपडेट चढवा.