रॅचेट पाना

रॅचेट पाना : नट किंवा बोल्टवरून न उचलता, दांडा पुढे-मागे हलवून एकाच दिशेने फिरवत नेता येणारा पाना. पुण्याच्या गॅरेजांत याला नुसते ‘रॅचेट’ आणि त्याच्या चौकोनी टोकावर बसणाऱ्या सॉकेटला ‘गोटी’ म्हणतात. गोटी लावायचा रॅचेट दांडा आणि रिंगेतच यंत्रणा असलेला रॅचेट रिंग पाना हे याचे दोन मुख्य प्रकार.

‘रॅचेट’ हा शब्द फ्रेंच ‘रोशे’वरून आला, याबद्दल फारसे दुमत नाही. त्यामागे काय, याविषयी मात्र मते भिन्न आहेत. काही अभ्यासक तो भाल्याच्या बोथट टोकाच्या नावाशी, तर काही सूत काढण्याच्या चातीच्या जर्मानिक नावाशी जोडतात. हे दोन्ही अर्थ मुळात एकाच शब्दमूळातून निघाले असावेत, हे मत अधिक पटण्यासारखे आहे. पान्याचा जनक कोण, याचे उत्तर ‘रॅचेट पाना’ कशाला म्हणायचे यावर ठरते. सामान्यतः अमेरिकेतील व्हरमाँट राज्यातल्या वुडस्टॉक येथील जे. जे. रिचर्डसन यांच्या १८६३ च्या पेटंटला पहिला मान दिला जातो. परंतु दाते आणि त्यांत अडकून चक्राला उलटे फिरू न देणारा खटका यांची जोडी त्याआधी कितीतरी काळ घड्याळांत आणि वजन उचलण्याच्या रहाटांत होती. त्यामुळे १८६३ हे यंत्रणेचे नव्हे, पान्याच्या पेटंटचे वर्ष धरणे योग्य. बटण दाबून गोटी सोडण्याची सोय त्यानंतर शंभर वर्षांनी आली. पीटर रॉबर्ट्स यांना तिचे पेटंट १९६५ मध्ये मिळाले.

पान्याच्या डोक्यात दात्यांचे चक्र, खटका, स्प्रिंग आणि दिशा बदलण्याची कळ असते. ३६ दात्यांचा रॅचेट दर १० अंशांना, ७२ दात्यांचा दर ५ अंशांना पकडतो. ६० दात्यांवर अर्ध्या दात्याच्या फरकाने दोन खटके बसवले, की पकड ३ अंशांवर येते. २५ सेंमी. दांड्याच्या टोकाला ५ अंश म्हणजे सुमारे २.२ सेंमी. हालचाल. साध्या बारा कोनी रिंग पान्याला नवी पकड घ्यायला ३० अंश लागतात, यावरून फरक कळेल. दुकानात दात्यांच्या आकड्यावरच विक्री होते, पण त्याला फार महत्त्व देऊ नये. दोन एक्स्टेन्शन (लांबी वाढवणारे दांडे) आणि एक युनिव्हर्सल जॉइंट (तिरके वळणारा सांधा) जोडला, की प्रत्येक सांध्यातला ‘प्ले’, म्हणजे ढिलेपणा, मिळून तो सूक्ष्मपणा खाऊन टाकतो. दाते बारीक, तसा एकेका दात्याचा पाया लहान. म्हणून खटक्याचे एका वेळी किती दाते पकडतात, हे आधी विचारावे.

चौकोनाची मापे इंचात बोलली जातात : पाव इंच (६.३ मिमी.), तीन अष्टमांश, अर्धा, पाऊण आणि एक इंच. दुचाकीसाठी तीन अष्टमांश बहुतेक कामांना पुरतो. चारचाकीच्या चाकासाठी अर्धा इंच लागतो. गोट्या घेताना गाडीचे घराणे पाहावे. एम ८ (८ मिमी. जाडीच्या) बोल्टच्या डोक्याला युरोपीय पद्धतीत १३ मिमी.चा, तर जपानी पद्धतीत १२ चा पाना लागतो. एम १० ला जुन्या जर्मन मापाने १७, नव्या आंतरराष्ट्रीय मापाने १६ आणि जपानी मापाने १४. आकुर्डीत बनलेल्या, इटालियन व्हेस्पाच्या वळणाच्या जुन्या चेतक स्कूटरच्या चाकाच्या नटला १३ चीच गोटी बसते. नुसता जपानी मापांचा सेट घेतलेल्याची इथे पंचाईत होते. गोटी शक्यतो सहा कोनी घ्यावी. बारा कोनी गोटी गंजलेल्या नटचे कोपरे लवकर गोल करते.

रॅचेट रिंग पान्यात कळ असलेला आणि उलटा करून वापरायचा सपाट, असे दोन पोटप्रकार आहेत. सपाट पाना डोक्याने पातळ, म्हणून अरुंद जागेत सोयीचा. पण त्यात एक सापळा आहे. बोल्ट सोडताना तो वर येत जातो आणि समोर चासी किंवा पाइप असेल, तर पाना बोल्टचे डोके आणि तो अडथळा यांत अडकतो. कळ असेल, तर दिशा बदलून बोल्ट परत आत नेता येतो. सपाट पान्याला तो मार्गच नाही. अडथळा ठरलेला भाग उघडावा लागतो.

रॅचेट हे फिरवण्याचे हत्यार, फोडण्याचे नव्हे. जाम नट आधी टॉमी दांड्याने (गोटी बसवायच्या, रॅचेट नसलेल्या साध्या दांड्याने) किंवा रिंग पान्याने सैल करावा. २५ सेंमी. दांड्यावर ४०० न्यूटन जोर दिला, तर १०० न्यूटन-मीटर पीळ बसतो; तोच जोर पाइप घालून ७५ सेंमी. वर दिला, तर ३०० होतो आणि खटक्याचे टोक तुटू शकते. याउलट नट अगदी सैल असला, की रॅचेट मागे येताना त्यालाही मागे आणतो. तेव्हा गोटी दोन बोटांत धरून नट हातानेच फिरवावा.

जुन्या बाजारात वापरलेला रॅचेट घेताना चौकोन बोटांत धरून थोडा दाब द्यावा आणि डोके सावकाश पूर्ण फिरवून टकटक ऐकावी. एका ठरावीक जागी टकटक चुकली, तर तिथला दाता गेला आहे. कळ बदलून हेच पुन्हा करावे, कारण खटक्याची सोडण्याची बाजू बहुधा आधी झिजलेली असते. भोसरीसारख्या कारखान्यांच्या ठिकाणी ग्राइंडिंगची धूळ आत जाऊन खटका अर्धवट बसतो. मग डोके उघडून रॉकेलने धुवावे व पातळ तेल किंवा ग्रीसचा अगदी हलका हात द्यावा. जाड ग्रीस ठासून भरले, तर स्प्रिंग खटक्याला वेळेत ढकलू शकत नाही. पाना भार असताना सुटतो आणि बोटांची सालपटे निघतात. उघडताना डोक्यावर फडके धरावे, नाहीतर स्प्रिंग आणि बारीक गोळी उडून हरवतात.