जैविक आपत्ती प्रतिसाद प्रशिक्षण, नागपूर

रोगजंतू, विषाणू किंवा जैविक विषे यांच्या नैसर्गिक अथवा हेतुपुरस्सर प्रसारातून उद्भवणाऱ्या आपत्तीला तोंड देण्यासाठी बचाव पथके, अग्निशमन जवान, गृहरक्षक, नागरी संरक्षण स्वयंसेवक व रुग्णवाहिका कर्मचारी यांना दिले जाणारे प्रशिक्षण. नागपूर हे त्याचे देशातील एक प्रमुख केंद्र आहे.

नागपुरातील या परंपरेचा प्रारंभ सामान्यतः २९ एप्रिल १९५७ रोजी स्थापन झालेल्या केंद्रीय आपत्कालीन मदत प्रशिक्षण संस्थेपासून मानतात. १९६२ च्या चीन युद्धानंतर संस्थेचा भर नागरी संरक्षणाकडे वळला व १ एप्रिल १९६८ रोजी तिला राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय हे नाव मिळाले. मात्र मूळ अभ्यासक्रम सर्वसाधारण मदतकार्याचा होता. जैविक प्रशिक्षणाचा उगम तेथवर नेणे काहीसे ताणलेले वाटते. आपत्ती व्यवस्थापन कायदा (२००५), राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची जैविक आपत्तींविषयीची मार्गदर्शक तत्त्वे (२००८) आणि नागरी संरक्षण कायद्यातील २००९ ची दुरुस्ती या टप्प्यांपासून गणना करणे अधिक सयुक्तिक ठरते. किरणोत्सारी, आण्विक, जैविक व रासायनिक आपत्तींच्या प्रशिक्षणाचे केंद्र म्हणून ओळखले जाणारे हे महाविद्यालय पुढे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या अकादमीत विलीन झाले. १९५७ पासून नागपुरात असलेले राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयही या संदर्भात महत्त्वाचे आहे.

वायुगळतीत वास येतो, डोळे चुरचुरतात. जैविक धोक्यात घटनास्थळी बहुधा काहीच जाणवत नाही. रोगाचा अधिशयन काळ (संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा काळ) संपल्यावर निरनिराळ्या रुग्णालयांत सारख्या लक्षणांचे रुग्ण येऊ लागतात, तेव्हा शंका येते. तोवर पहिले जवान रुग्णांना हात लावून मोकळे झालेले असतात. म्हणून पथकाला आधी संशय घ्यायला शिकवावे लागते. दूषित, निर्जंतुकीकरणाचे व सुरक्षित असे तीन विभाग आखणे, नमुने तिहेरी आवरणात बंद करणे आणि सोडियम हायपोक्लोराइट या जंतुनाशकाचे द्रावण ताजे तयार करणे हे त्यापुढचे धडे.

सर्वाधिक सराव पीपीई किट उतरवण्याचा घ्यावा लागतो, आणि तो योग्यच आहे. घामाने भिजलेला, दमलेला जवान किट घाईने ओढून काढतो. संसर्गाचा मोठा धोका याच क्षणी असतो. बाहेरचे हातमोजे आधी निघतात. अंगरखा आतली बाजू बाहेर येईल असा गुंडाळत खाली आणला जातो. मास्क अगदी शेवटाकडे, पुढच्या भागाला स्पर्श न करता, मागच्या पट्ट्यांना धरून काढतात. प्रत्येक टप्प्यानंतर हात निर्जंतुक करायचे असतात. समोर उभा सहकारी यादी वाचून एकेक कृती करवून घेतो.

साथींशी नागपूरचा संबंध जुना आहे. १९६५ मध्ये येथील तापाच्या रुग्णांच्या रक्तात सापडलेल्या विषाणूला चांदीपुरा हे नाव मिळाले. वालुमाशीमार्फत पसरणारा हा विषाणू कित्येक वर्षे दुय्यम समजला गेला. २००३ मध्ये आंध्र प्रदेश व महाराष्ट्रातील मुलांमधील मेंदूज्वराच्या साथीनंतर त्याचे गांभीर्य पटले. दुर्लक्षित जंतू किती काळाने उलटू शकतो, हे शिकवायला प्रशिक्षकांना याहून जवळचे उदाहरण मिळणार नाही. कोविड-१९ च्या काळात येथील नीरी (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) या संस्थेने मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांतून नमुना घेण्याची पद्धत विकसित केली. रुग्ण स्वतःच नमुना देत असल्याने तो गोळा करणाऱ्याचा धोका कमी होतो. माणूस, प्राणी व पर्यावरण यांच्या आरोग्याचा एकत्रित अभ्यास करणाऱ्या राष्ट्रीय वन हेल्थ संस्थेची पायाभरणी ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपुरात झाली.